काचेमागचा नथूआजा

खर्डी स्टेशनातून बाहेर पडल्यावर रिक्षांची रांग जिथे संपते, तिथे प्रशांतचा स्टुडिओ आहे. स्टुडिओ हा शब्द पाटीवर आहे म्हणून वापरायचा. आत एक स्टूल, एक निळा पडदा, त्याच्यामागे एक पांढरा पडदा, भिंतीवर आरसा आणि आरशाला सुतळीने बांधलेला कंगवा. कंगवा बांधायची वेळ का आली, हे विचारू नये. प्रशांतचे सुटे कंगवे आज खर्डीतल्या निम्म्या डोक्यांवरून फिरत असतील.

पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन हे त्याचं रोजचं जेवण आणि लग्नाचे फोटो हे सणाचं. फोटो काढताना माणूस लाकडासारखा होतो, म्हणून प्रशांतने एक युक्ती काढलेली आहे. बटण दाबायच्या आधी तो सहज विचारतो, "घरी भाजी काय केलीय?" माणूस उत्तर द्यायला तोंड उघडतो, तेवढ्यात फोटो. त्यामुळे खर्डीतली बरीच माणसं सरकारी कागदांवर 'शेवगा' म्हणण्याच्या बेतात दिसतात. पण जिवंत दिसतात. शहापूरच्या मोठ्या स्टुडिओतून फोटो काढून आणलेला माणूस त्यांच्याशेजारी ठेवला, तर त्याला नुकतीच कसली तरी वाईट बातमी मिळाली असावी असं वाटतं.

लग्नातला प्रशांतचा लौकिक असा, की तो कुणाला सोडत नाही. अल्बम घरी आला की प्रत्येक मावशी आधी स्वतःला शोधते आणि मग नवरीला, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. स्वयंपाक्याच्या मागे पाट्यावर वाटत बसलेली चुलत चुलतीसुद्धा त्याच्या अल्बममध्ये सापडते. सगळी सापडतात. एक नथूआजा तेवढा सापडत नव्हता.

नथूआजा म्हणजे धोंडाबाईचा नवरा, आणि धोंडाबाई म्हणजे प्रशांतच्या वडिलांची चुलती. नात्याने आजी. नथूआजाने भातसानगरला धरणाच्या कॉलनीत माळीकाम केलं. साहेबांच्या बंगल्यापुढची सगळी जास्वंद त्याच्या हातची. माणूस धीराचा होता, फुरसं निघालं तरी खुरपं खाली ठेवत नसे. पण कॅमेरा दिसला की त्याचा धीर सुटायचा. "जरा झाडांना पानी सोडून येतो," म्हणून जो जायचा, तो फोटो होऊन लोक पांगल्यावर यायचा. स्वतःच्या मुलाच्या लग्नातसुद्धा तो असाच पाणी सोडायला गेला होता, आणि लग्न भर उन्हाळ्यात माळावर होतं.

त्याचा आयुष्यातला एकच फोटो, धरणावरच्या कामाच्या पासासाठी काढलेला. पास नाही तर काम नाही, म्हणून बसला बिचारा. अंगात स्टुडिओचा कोट, पुढून कोट आणि मागे नाडी. तो गेल्यावर घरच्यांनी तोच फोटो मोठा करून काचेच्या चौकटीत बसवला. पुढे एका पावसाळ्यात कौल सरकलं, भिंत ओली झाली आणि फोटो आतून काचेला चिकटला. आता काच काढायची तर तोंड सोलून निघणार.

धोंडाबाईच्या घरचा एक नेम आहे. लग्न कुणाचंही असो, सगळ्या घरादाराचा फोटो निघतो तेव्हा मधल्या खुर्चीवर ती बसते आणि मांडीवर नथूआजाची चौकट धरते. तिच्या थोरल्या नातींच्या लग्नांत प्रशांतने असे फोटो काढले. सगळे छान आले. फक्त दर वेळी काचेवर फ्लॅश पडला आणि नथूआजाच्या तोंडाच्या जागी पांढरा गोळा आला. खाली कोट, वर ट्यूबलाइट.

"जिता व्हता तवर फोटोला उभा राह्यला नाय," धोंडाबाई प्रत्येक अल्बम बघताना म्हणायची, "आता खिळा मारून बसवला तरी तोंड लपवतो. काय करावं या मान्साला?"

सगळे हसायचे. तीही हसायची. पण हसताना तिचा अंगठा त्या पांढऱ्या गोळ्यावरून फिरत असायचा, पुसून निघतो का ते बघत. प्रशांतला ते दिसायचं. तो मग उगाच झेरॉक्सच्या मशीनमध्ये कागद भरायला जायचा.

धाकट्या नातीचं, दीप्तीचं लग्न मुरबाडच्या बाजूला ठरलं, तेव्हा धोंडाबाई स्वतः दुकानात आली आणि फोटोच्या स्टुलावर बसली.

"परशा, आता ही शेवटची."

"शेवटची काय गो आजी? दीप्तीची पोरं होतील, त्यांची लग्नं होतील..."

"ती तू काढ. तवा मी पन चौकटीत आसन, म्हाताऱ्याच्या शेजारी. मंग दोगांच्या तोंडावर पाड तुजा उजेड."

प्रशांतकडे उपाय नव्हते असं नाही. चौकट जरा खाली वाकवून धर, असं तो मागे एकदा म्हणाला होता. "का? म्हातारा पडतोय का?" म्हणून तिने ती आणखी ताठ धरली. फ्लॅशशिवाय काढून पाहिलं, तर मंडपातल्या उजेडात अर्धं घराणं हललेलं आलं. शेवटी त्याने सुचवलं होतं, की मी दिवसाउजेडी या चौकटीचाच फोटो काढतो, नवा प्रिंट देतो, बिनकाचेचा. तोच धर मांडीवर.

धोंडाबाईने विचार करून उत्तर दिलं होतं, "ती झेरॉक्स झाली. मला म्हातारा पायजे."

आता स्टुलावरून उठताना ती एवढंच म्हणाली, "त्याचं तोंड दिसू दे. बाकी तुजा फोटू काळा आला तरी चालंल."

झालं. दीप्तीच्या लग्नाचं टेन्शन दीप्तीला नसेल एवढं प्रशांतला आलं.

दुखणं कुठे आहे ते त्याला माहीत होतं. फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसलेला असतो, सरळ जातो, काचेवर आपटतो आणि सरळ परत येतो. तोच काढून लांब बाजूला, स्टँडवर ठेवला, तर काचेवरचा उजेड दुसरीकडे निघून जाईल. पण लांब उभ्या असलेल्या फ्लॅशला 'आता लाग' हे सांगायचं कुणी? ते सांगणारी जी डबी असते, तिला ट्रिगर म्हणतात. आणि तो निवडायच्या कामाला प्रशांत असा लागला, की दीप्तीसाठीसुद्धा घरच्यांनी एवढी स्थळं पाहिली नसतील.

वायरवाला ट्रिगर त्याने पूर्वी वापरला होता. वाशिंदच्या एका लग्नात नवऱ्याच्या मावसाजींचा पाय वायरीत अडकला आणि स्टँड थेट श्रीखंडाच्या पातेल्यात गेला. जाता जाता फ्लॅश एकदा चमकला. त्या दिवशीचा सगळ्यात चांगला उजेड श्रीखंडावर पडला होता. त्यानंतर डोळेवाला आला, म्हणजे दुसरा फ्लॅश लागलेला बघून आपणही लागणारा. पण त्याला आपला-परका कळत नाही. समोरच्या पार्टीचा फोटोग्राफर चमकला की हाही चमकायचा, आणि प्रशांतने बटण दाबावं तेव्हा दमून बसलेला असायचा.

तेव्हा आता रेडिओवाला. एक डबी कॅमेऱ्यावर, एक फ्लॅशच्या खाली, मध्ये वायर नाही की बघणं नाही. त्यातही दोन जाती. एक हुशार, म्हणजे किती उजेड टाकायचा याचा हिशोब स्वतः करणारा. दुसरा साधा, नुसता 'लाग' म्हणणारा. प्रशांत रोज जेवताना मोबाइलवर दोन्हींचे व्हिडिओ लावून बसायचा.

"हे 'हॅलो दोस्तों' आता बंद करा," त्याची बायको माधुरी म्हणाली. "ताटात काय वाढलंय ते तरी बघितलं का?"

प्रशांतने खाली बघितलं. "भाजी."

"कसली?"

रोज दुसऱ्याला विचारायचा प्रश्न आज त्याच्याच ताटात पडला. मग त्याने मोबाइल पालथा घातला आणि तिलाच विचारलं, हुशार घेऊ की साधा?

माधुरी त्याच्याबरोबर लग्नांना जाते, स्टँड धरते, नवरीचा पदर सारखा करते आणि जमल्यास नवरदेवाच्या काकांना जागेवर बसवते. ती म्हणाली, "हुशाराला खायला काय लागतं?"

"त्याची वेगळी बॅटरी असते. चार्ज करावी लागते."

"आणि साध्याला?"

"पेन्सिल सेल."

"मग आपल्या वाडीत लग्नाच्या दिवशी लाइट गेली तर तुमचा हुशार काय करील? पेन्सिल सेल पानाच्या टपरीवर मिळतात. आणि आपला जुना फ्लॅश त्या हुशाराचं ऐकणार आहे का?"

प्रशांतने बघितलं. फ्लॅश ऐकणार नव्हता. जुना होता, त्याला नुसतं 'लाग' एवढंच कळत होतं.

तरीही एकदा मुरबाडच्या विनोदला विचारावं असं ठरलं. मुलीकडचा फोटोग्राफर वेगळा आणि मुलाकडचा वेगळा, ही आपल्याकडची पद्धत. त्यामुळे शहापूर-मुरबाडकडच्या लग्नांत प्रशांत आणि विनोद दर हंगामात समोरासमोर येतात. इतर फोटोग्राफर कोपराने ढकलाढकली करतात. हे दोघे एकमेकांना इतका मान देतात की एका लग्नात हार घालायच्या क्षणी "आधी तुम्ही, विनोदभाऊ", "छे, आधी तुम्ही" करत दोघेही मागे सरकले. हार घातले गेले. फोटो कुणाकडेच नाही. शेवटी नवरा-नवरीला पुन्हा एकदा हार घालायला लावले.

विनोद फोनवर म्हणाला, "मी पण साधाच घेतलाय. डोळे मिटून घ्या."

प्रशांतने डोळे मिटून तोच घेतला. घरी आणल्यावर माधुरीच्या हातात स्वतःचं सातवीचं चित्रकलेचं सर्टिफिकेट काचेसकट दिलं, फ्लॅश बाजूला कपाटावर ठेवला आणि बटण दाबलं. काचेवर गोळा नाही. 'उत्तेजनार्थ' हा शब्द स्वच्छ वाचता येत होता. मग किती लांबून चालतो हे बघायला संध्याकाळी कापलेल्या खाचरात गेला, फ्लॅश बांधावर ठेवला आणि मागे मागे चालत बटण दाबत राहिला. येणारेजाणारे थांबून बघत होते. कुणीतरी घरी जाऊन सांगितलं, परशा खाचरात विजा पाडतोय.

"आता दुसऱ्याच्या चमकण्याशी आपला काही संबंध नाही," तो माधुरीला म्हणाला. इतका समाधानी तो आपल्या लग्नातही दिसला नव्हता. अल्बम बघितला तर कळतं.

लग्न वाडीलगतच्याच खाचरात होतं. भात कधीच निघालेलं, जमीन सुकून कडक झालेली, वर मंडप. दीप्ती पांढऱ्या साडीत, नवरा पांढऱ्या सदऱ्यात. वंदना झाली, शपथा झाल्या, फुलं पडली. विनोद वऱ्हाडाच्या बसमधूनच आला होता. दोघांनी हात मिळवले, एकमेकांच्या कॅमेऱ्यावरच्या एकसारख्या डब्या बघितल्या आणि एकाच शाळेचा गणवेश घातलेल्या पोरांसारखे हसले.

पहिली गडबड माधुरीच्या लक्षात आली. प्रशांत खाली वाकून बुटाची लेस बांधत होता आणि फ्लॅश लागला.

"अहो, हा आपला आपणच लागतोय."

"नवा आहे. उत्साही आहे," प्रशांत म्हणाला.

तिकडे विनोदचा फ्लॅशही मधूनच उगाच लागत होता, आणि विनोद त्याच्याकडे घरच्या वाया गेलेल्या पोराकडे बघावं तसं बघत होता. पण दोघेही एकमेकांना काही बोलले नाहीत. आपल्या वस्तूचा दोष परक्याला कशाला सांगा?

मग घरादाराच्या फोटोची वेळ झाली. धोंडाबाई मधल्या खुर्चीवर बसली. पदराने काच पुसली, चौकट मांडीवर ताठ धरली. मागे नवरा-नवरी, दोन्हीकडची सगळी माणसं, पुढे पोरं. प्रशांतने फ्लॅश डाव्या बाजूला लांब ठेवला होता, पांढरी छत्री लावून. "पावसाचं काय आहे का?" असं मुलाकडच्या एका वडीलधाऱ्यांनी विचारून घेतलं. प्रशांतने श्वास रोखला आणि बटण दाबलं.

डावीकडून उजेड आला. आणि पाठीमागूनही आला.

त्याने कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं. खाली कोट, वर ट्यूबलाइट.

धोंडाबाईने त्याच्या तोंडाकडे बघूनच ओळखलं. "लपला?" एवढंच विचारलं.

प्रशांत मागे वळला. त्याच्या पाठीशीच विनोदचा स्टँड उभा होता. विनोद स्वतः कोपऱ्यात दोन्ही हातांनी सरबताचा ग्लास धरून उभा होता. म्हणजे विनोदने बटण दाबलंच नव्हतं. त्याचा फ्लॅश प्रशांतच्या बटणावर लागला होता.

"विनोदभाऊ, तुमचा चॅनेल कुठला?"

त्या डब्यांच्या पोटाशी चार बारीक खटके असतात. ते वर-खाली करून आपला चॅनेल ठरवायचा, म्हणजे माझ्या डबीचं बोलणं तुझ्या डबीला ऐकू जात नाही. पण त्यासाठी खटक्यांना हात लावावा लागतो.

"दुकानातून आला तोच," विनोद म्हणाला. "आणि तुमचा?"

"दुकानातून आला तोच."

दोघांच्याही तोंडावर सकाळपासूनचं सगळं लख्ख पडलं. "थांबा हां," म्हणून प्रशांत माधुरीकडे गेला, तिच्या पदराची पिन घेतली आणि आपल्या दोन्ही डब्यांचा पहिला खटका वर केला. परत आला. पुन्हा सगळे नीट उभे राहिले, पुन्हा बटण, पुन्हा मागून उजेड. पुन्हा गोळा.

"मी तर बदलला," प्रशांत म्हणाला.

विनोद ओशाळला. त्याच्या हातात दात कोरायची काडी होती. "मी पण बदलला. म्हटलं, तुमच्या घरचं लग्न, तुम्हाला कशाला त्रास?"

"कुठला खटका?"

"पहिला."

"अहो, मीही पहिलाच!"

"मग मी घेतो परत खाली. तुम्ही ऱ्हाऊ द्या."

"छे छे, पाहुणे तुम्ही. मी घेतो खाली."

आणि दोघांनी खाली घेतला. तिसऱ्या वेळीही नथूआजा लपला.

आता लोक हलायला लागले. पंगत वाढल्याची हाक आली तशी मागची ओळ एका बाजूने विरघळू लागली. बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. पुढच्या रांगेतली दोन पोरं केव्हाच पेंढ्याच्या ढिगाकडे पळाली होती. धोंडाबाई मात्र तशीच बसून होती, चौकट ताठ. "हात भरून आला रे परशा," ती म्हणाली, "पन तू कर तुजं."

"भांडणारे असते तर आतापर्यंत मिटवून जेवायलाही बसले असते," माधुरी म्हणाली. मग कुणाची परवानगी न घेता तिने विनोदचा स्टँड उचलला, भरल्या घागरीसारखा कमरेवर घेतला आणि मंडपाच्या उजव्या टोकाला नेऊन ठेवला. "आपला तिकडे, यांचा इकडे. दोन्ही एकदमच लागायचे आहेत ना? मग लागू देत. मध्ये आजीच्या समोर कुणी नको म्हणजे झालं. आता त्या खटक्यांना जो हात लावील, त्याला जेवण नाय."

प्रशांत आणि विनोदने एकमेकांकडे बघितलं.  डावीकडून एक उजेड, उजवीकडून एक. काचेवरून दोन्ही आपापले बाजूला निघून जाणार आणि मागच्या ओळीतल्या काकांपर्यंत सगळे उजळणार.

विनोदने पळालेली पोरं धरून आणली. नवऱ्याने स्वतः जाऊन ड्रायव्हरच्या हातात जिलबी ठेवली, तेव्हा हॉर्न थांबला. प्रशांत कॅमेऱ्याला डोळा लावून म्हणाला, "आजी, घरी भाजी काय केलीय?"

"मेल्या, लगीनघरात भाजी इचारतोस?" धोंडाबाई म्हणाली, आणि सगळं खाचर हसलं. त्या हसण्यात बटण दाबलं गेलं.

प्रशांतने पडद्यावर बघितलं. मग कॅमेरा गळ्यातून काढला, धोंडाबाईसमोर उकिडवा बसला आणि चित्र मोठं करून तिच्यापुढे धरलं. काच जणू नव्हतीच. कोट होता, कोटावर मान होती, मानेवर नथूआजा होता, आपल्याला कुठून तरी पाणी सोडायचं आहे असं तोंड करून.

धोंडाबाईने कॅमेरा आणखी जवळ ओढला.

"घरात रोज बघते याला," ती म्हणाली, "पन मी शेजारी हाय, आसा आज बघितला. केवडा तरना गो हा! लोकं म्हन्तील, म्हातारीनं लेकाला मांडीवर घेतलाय."

माधुरी हसली आणि पदर तोंडाला लावून दुसरीकडे बघायला लागली. विनोद पुढे होऊन हळूच म्हणाला, "आता मी एक काढू का, तुम्ही म्हणत असाल तर?"

"काढा की! आधी तुम्हीच काढायला हवा होता," प्रशांत म्हणाला.

विनोदनेही काढला, त्याच दोन उजेडांत. मग धोंडाबाई उठली, चौकट काखेत घेतली, तिला म्हणाली, "दिसलास एकदाचा. चल आता जेवायला," आणि पंगतीत आपल्या शेजारच्या पत्रावळीपुढे तिला टेकवून ठेवली. वाढपी जिलबी घेऊन आला तेव्हा त्या पत्रावळीवरही वाढायला लावली, आणि थोड्या वेळाने ती स्वतःच खाल्ली.

त्यानंतरही प्रशांत आणि विनोदच्या डब्या दुकानातून आल्या त्याच चॅनेलवर आहेत. समोरासमोर आले की एक आपला फ्लॅश डावीकडे उभा करतो, दुसरा उजवीकडे. कुणीही बटण दाबलं तरी दोन्ही लागतात. आधी कुणी दाबायचं, यावर मात्र अजून वेळ जातो.

अल्बम झाला तेव्हा धोंडाबाई तो घ्यायला स्टुडिओत आली. स्टुलावर बसून पानं उलटली, नवरा-नवरीची सगळी पानं भराभर मागे टाकली आणि त्या मोठ्या फोटोपाशी थांबली. सवयीने तिचा अंगठा नथूआजाच्या तोंडावर गेला आणि फिरायला लागला.

"आजी, आता काय पुसता?" माधुरीने विचारलं. "आता तर तोंड स्वच्छ दिसतंय."

"पुसत नाय गो," धोंडाबाई म्हणाली. अंगठा तसाच होता. "पानी सोडायला जाईल परत. म्हनून धरून ठेवलाय."